एक सेकंद त्यांचा, दोन सेकंद आमचे

अ‍ॅन आर्बरमध्ये राहणाऱ्या माणसाला २६ नोव्हेंबर २०१६ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी कोलंबसला मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गेली. मिशिगन तीन गुणांनी पुढे होतं. ओहायो स्टेटचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता आणि त्यांना एक यार्ड हवा होता. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हाती असलेला खेळाडू, जे. टी. बॅरेट चेंडू घेऊन घुसला, आपल्याच खेळाडूच्या पाठीवर आदळला आणि पडला. पंचांनी चेंडू ठेवला तो यार्ड भरला अशा जागी. रिप्ले तपासला, निर्णय कायम राहिला आणि पुढच्याच चालीत कर्टिस सॅम्युएलने टचडाउन केलं. ३०-२७. आम्ही हरलो.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन. कुणी नियम मोडला की पंच पिवळा रुमाल मैदानात फेकतो आणि त्या संघाला पाच, दहा किंवा पंधरा यार्डांचा दंड होतो. बावीस जण एकमेकांवर तुटून पडलेले असताना कुणी कुणाला धरलं, चेंडू नेमका कुठे थांबला, हे आठ पंचांनी क्षणात ठरवायचं असतं.

मी या गावातल्या मिशिगन विद्यापीठात शिकायला आलो, इथेच नोकरी लागली, घर झालं, मुलगाही इथलाच. शनिवारी लाखभर माणसांबरोबर विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये बसलं की हे गाव आपलं वाटायचं. पंचांना शिव्या घालणं हा त्या आपलेपणाचाच भाग होऊन बसला. २०१६ च्या त्या मॅचनंतर तर मी ताळतंत्र सोडलं. ऑफिसात, मराठी मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी मी पंचांना चोर म्हणत असे. यात माझं काय काय चुकलं ते लिहितो, कारण हेच चुकणारी माणसं मला दर शनिवारी भेटतात.

माझ्या फोनमध्ये टीव्हीवरून काढलेला एक फोटो होता. त्यात बॅरेट आडवा झालेला आणि त्याच्या पुढे पिवळी रेघ, तिला चेंडू टेकलेला नाही. हा पुरावा मी येईल त्याला दाखवायचो. आमच्या गल्लीत एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांनी अनेक वर्षं हायस्कूलच्या मॅचमध्ये पंचगिरी केली आहे. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘यात चेंडू कुठे आहे?’ चेंडू दिसतच नव्हता. तो बॅरेटच्या हाताखाली आणि दुसऱ्या एकाच्या खांद्याआड होता. मी जिथे चेंडू समजत होतो तिथे बॅरेटचं कोपर होतं. कॅमेराही रेघेच्या सरळ समोर नव्हता, तिरका होता. आणि ती पिवळी रेघ टीव्हीवाले संगणकाने काढतात, पंचांना ती दिसत नाही आणि तिच्यावरून कुठलाही निर्णय होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं.

रिप्लेचंही तसंच. पडद्यावर पाहणारा पंच खरं काय घडलं ते नव्याने ठरवतो, अशी माझी समजूत होती. त्याच्यापुढे प्रश्न वेगळा असतो: मैदानातला निर्णय चुकीचा होता असं निर्विवाद दिसतंय का? दिसत नसेल तर मैदानातला निर्णय राहतो. क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ आठवला की हे लगेच कळतं. कोलंबसला चेंडू यार्ड भरला नाही अशा जागी ठेवला असता तर बहुधा तोही निर्णय तसाच राहिला असता. बॅरेट कमी पडला असं मला आजही वाटतं. पण मला वाटणं आणि कुणाला चोर म्हणण्याइतका पुरावा असणं, यातलं अंतर मी कधी मोजलंच नाही.

नियमांच्या बाबतीत मी जास्त उघडा पडलो. मी रविवारी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक संघांच्या मॅच, बघायचो आणि शनिवारी त्याच नियमांनी विद्यापीठांच्या पंचांवर ओरडायचो. रेषेजवळ झेल घेताना एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत टेकावे लागतात, कॉलेजमध्ये एक पुरतो. एनएफएलमध्ये कुणी हात न लावता खेळाडू पडला तर उठून पळू शकतो, कॉलेजमध्ये गुडघा टेकला की चाल संपली. झेल घेणाऱ्याला अडवलं तर एनएफएलमध्ये चेंडू थेट त्या जागी नेतात, कॉलेजमध्ये जास्तीत जास्त पंधरा यार्ड मिळतात. मी इतकी वर्षं ‘ढळढळीत चूक’ म्हणून ज्यावर बोंबललो, त्यातले किती निर्णय नियमाला धरून होते, ते आता सांगता येणार नाही. नियमांचं पुस्तक फुकट मिळतं. मी ते उघडलं नव्हतं.

पुढे कधीतरी २०१६ ची ती पूर्ण मॅच मी पुन्हा पाहिली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १७-७ पुढे होतो. आमच्या क्वार्टरबॅकच्या हातून त्यांच्या गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू सुटला. त्याने फेकलेले दोन चेंडू त्यांनी पकडले, एकावर थेट टचडाउन झालं आणि दुसऱ्यामुळे त्यांना आमच्या अंगणातून चढाई मिळाली. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांचा तोल गेल्यामुळे पंधरा यार्डांचा दंड बसला तो वेगळाच. यातलं काहीही मी गणपतीत सांगितलं नव्हतं. पराभवाची चार-पाच कारणं होती, मी एकच निवडलं, कारण त्यात आमचा दोष नव्हता.

सगळ्यात मोठी लबाडी मात्र आठवणीची होती. ३ नोव्हेंबर २००१, ईस्ट लान्सिंग. मिशिगन स्टेटविरुद्ध आम्ही २४-२० पुढे होतो. त्यांनी चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं तेव्हा एक सेकंद उरला होता. त्या सेकंदात त्यांनी टचडाउन केलं आणि २६-२४ ने जिंकले. घड्याळ यजमानांच्या माणसाने लवकर थांबवलं, हा आमच्याकडचा जुना दावा आहे आणि मी तो पाठ म्हणून दाखवू शकतो. १५ ऑक्टोबर २००५, अ‍ॅन आर्बर. पेन स्टेट पुढे होतं. आमच्या त्या वेळच्या प्रशिक्षकांच्या मागणीवरून शेवटच्या चढाईत घड्याळात दोन सेकंद वाढवले गेले. मारिओ मॅनिंगहॅमने अगदी अखेरच्या चालीत झेल घेऊन टचडाउन केलं आणि २७-२५ ने आम्ही जिंकलो. पेन स्टेटचा त्या मोसमातला तो एकमेव पराभव. त्यांच्याकडे ते दोन सेकंद अजून कुणी विसरलेलं नाही. मी विसरलो होतो. त्यांच्या एका सेकंदाला मी अन्याय म्हणायचो आणि आमच्या दोन सेकंदांना चिकाटी.

आपल्या फायद्याची चूक कबूल करणारेही होऊन गेले. १९४० साली कॉर्नेल विद्यापीठाने डार्टमथला ७-३ हरवलं होतं. नंतर फिल्म पाहिल्यावर कळलं की पंचांच्या मोजण्यातल्या चुकीमुळे कॉर्नेलला चाराऐवजी पाच प्रयत्न मिळाले आणि टचडाउन पाचव्यावर झालं. कॉर्नेलने तार करून विजय सोडला. डार्टमथ ३-० ने जिंकल्याची नोंद झाली. पुढे १९९० मध्ये कोलोराडोनेही मिझुरीविरुद्ध अशाच पाचव्या प्रयत्नावर ३३-३१ असा विजय मिळवला. तो निकाल मात्र तसाच राहिला. मला कॉर्नेलची गोष्ट आवडते. पण २००५ मध्ये कुणी आम्हाला विजय सोडा म्हटलं असतं, तर सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो असतो.

ज्या चुकीची मला खरी लाज वाटते ती स्टेडियममध्ये घडली नाही. मुलगा फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर न तुटून पडता खेळायचा प्रकार, खेळायला लागला, तेव्हा त्यांच्या मॅचना हायस्कूलमधली पोरं थोड्या पैशांसाठी पंच म्हणून येत. एकदा मुलाने टचडाउन केलं आणि पंचाने ते रद्द केलं, कारण आमच्याच एकाने समोरच्याला धरलं होतं. मी रेषेवरून ओरडायला लागलो आणि थांबलोच नाही. तो पोरगा शिट्टी हातात घट्ट धरून माझ्याकडे न बघता उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. गाडीत मुलगा म्हणाला, ‘बाबा, पुढच्या मॅचला तू येऊ नकोस. त्याने खरंच धरलं होतं.’ पुढच्या आठवड्यात मी माफी मागायला गेलो, तर त्या मुलाने काम सोडलं होतं. का सोडलं ते मी विचारलं, आयोजकांनी उत्तर दिलं नाही. मला ते मिळायला नकोच होतं. अमेरिकेत शाळांच्या मॅचना पंच मिळेनासे झाले आहेत, आणि सोडून जाणारे अनेकजण प्रेक्षकांच्या आणि पालकांच्या वागण्याकडे बोट दाखवतात. त्या पालकांत मी होतो.

म्हणजे पंच चुकत नाहीत का? चुकतात, आणि कधी कधी भयंकर चुकतात. २०१५ मध्ये ड्यूक-मायामी मॅचचा निकाल लावणारी शेवटची चाल चुकून वैध ठरवली गेली आणि त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे विद्यापीठ संघांच्या संघटनेने, त्या मॅचच्या सगळ्या पंचांना दोन मॅचसाठी निलंबित केलं. निकाल बदलला नाही. राग येणं साहजिक आहे. माझा राग चुकीच्या माणसावर निघत होता. हे पंच आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवारी मैदानात उतरतात. मिशिगन ज्यात आहे त्या बिग टेन कॉन्फरन्सने २०२२ मध्ये टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा जो करार केला तो सात अब्ज डॉलरहून मोठा असल्याच्या बातम्या होत्या. इतका पैसा असताना पंचगिरी पूर्ण वेळेचं काम का नाही, निर्णयांचा खुलासा दर आठवड्याला जाहीर का होत नाही, हे प्रश्न कॉन्फरन्सला विचारायचे आहेत. २०१६ च्या मॅचनंतर हारबॉ पंचांबद्दल उघड बोलले, तेव्हा बिग टेनने मिशिगनला दहा हजार डॉलर दंड केला. चेंडू तिथे का ठेवला, हे आम्हाला समजेल असं कुणी सांगितलं नाही.

आणि बदल झाला तो व्यवस्थेत हात घातल्यावरच. २००१ च्या त्या सेकंदानंतर बिग टेनने पुढे घड्याळ यजमानांच्या माणसाकडून काढून तटस्थ माणसाकडे दिलं. २००४ मध्ये रिप्लेचा प्रयोग याच कॉन्फरन्सने सुरू केला. २००६ मध्ये मात्र ओरेगन-ओक्लाहोमा मॅचमधल्या चुकीनंतर लोकांनी रिप्ले पंचाला घरी फोन करून जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. त्यातून खेळ काडीभरही सुधारला नाही.

पंचांवर बोलायचं असेल तर जरूर बोला. बोलण्याआधी तो नियम वाचा आणि तुमच्या संघाला मिळालेला एखादा चुकीचा निर्णय त्याच दमात सांगा. तक्रार लिहायची ती कॉन्फरन्सला लिहा. मैदानात शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या शाळकरी पोरावर ओरडण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.