कोलोरॅडोतला माळ

कोलोरॅडोला जाऊन आलो म्हटलं की जो तो विचारतो, "डोंगर पाहिले का?" पाहिले की! २०२४ च्या जूनमध्ये मुलाकडे गेलो होतो. त्याच्या खिडकीतूनच रॉकी पर्वताची रांग दिसायची, भर उन्हाळ्यात माथ्यावर बर्फ. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल. विधानभवनाच्या एका पायरीवर तसं कोरूनच ठेवलंय. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे ही माणसं जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर बाजारहाट करतात! पहिले दोन दिवस जिना चढताना मला धाप लागत होती.

चौदा हजार फुटांवरची पन्नासहून अधिक शिखरं या राज्यात आहेत. माउंट एल्बर्ट सर्वांत उंच. एका रविवारी मुलाने रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात नेलं. तिथला ट्रेल रिज रोड बारा हजार फुटांवर चढतो आणि हिवाळ्यात बंद असतो. वाटेत एका खिंडीत पाटी होती. पाटीच्या एका अंगाला पडलेलं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या अंगाचं कोलोरॅडो नदीतून प्रशांत महासागराच्या दिशेने. मी म्हटलं, "आपल्या सह्याद्रीसारखंच. महाबळेश्वरच्या एका उतारावरची सावित्री अरबी समुद्राला मिळते, दुसऱ्यावरची कृष्णा बंगालच्या उपसागराला." नातू म्हणाला, "दादा, पाण्याला कुठे जायचं ते ठरवता येत नाही?" मी हसून वेळ मारून नेली.

पुढच्या रविवारी कुठे जायचं, असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, "पूर्वेला. माळावर." तो चकित झाला. "अब्बा, तिथे काय आहे बघायला?"

त्याला कारण एक पुतळा होता. डेन्व्हरच्या मध्यभागी साकुरा स्क्वेअर नावाचा जपानी वस्तीचा चौक आहे. तिथे एका गोऱ्या माणसाचा अर्धपुतळा पाहिला. जपान्यांच्या चौकात हा कोण? राल्फ कार, १९३९ ते १९४३ या काळातला कोलोरॅडोचा गव्हर्नर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर १९४२ मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचललं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. शेजारच्या राज्यांचे गव्हर्नर 'आमच्याकडे नकोत' म्हणत असताना कार त्यांना राज्यात घ्यायला तयार झाला. खटल्याशिवाय नागरिकांना कोंडणं घटनेविरुद्ध आहे, हे तो चिडलेल्या सभांमध्ये उभा राहून सांगत राहिला. त्याच वर्षी तो सिनेटची निवडणूक थोडक्यात हरला.

चारेक तास गाडी चालली. डोंगर मागे पडले आणि नजर पोचेल तिथवर वाळकं गवत. ग्रॅनडा गावाबाहेर आमाची छावणी होती. १९४२ ते १९४५ या काळात एका वेळी सात हजारांवर माणसं इथे काटेरी तारेआड राहिली. आता उरलेत बराकींचे सिमेंटचे पाये, पुन्हा उभारलेली एक बराक, पहाऱ्याचा मनोरा आणि छोटं कब्रस्तान. गावातल्या शाळेच्या मुलांनी वर्षानुवर्षं ही जागा झाडून-पुसून जपली. २०२२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आमाची हे एका शायेन बाईचं नाव. तिचा बाप सँड क्रीकला मारला गेला होता. ती जागाही याच माळावर, उत्तरेला. शायेन आणि अरापाहो यांचा हा मुलूख १८५१ च्या तहाने अमेरिकेनेच त्यांचा म्हणून मान्य केला होता. १८५८ मध्ये सोन्याची बातमी फुटली, लोंढे आले आणि तह कागदावर राहिला. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कर्नल चिव्हिंग्टनच्या फौजेने झोपलेल्या तळावर हल्ला केला. तळावर अमेरिकेचं निशाण लावलेलं होतं. दोनशेहून अधिक माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. सायलस सोल नावाच्या कॅप्टनने मात्र आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. पुढे चौकशीत त्याने साक्ष दिली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून मारलं. तेव्हाचा गव्हर्नर जॉन इव्हान्स याचं नाव ज्या शिखराला होतं, ते २०२३ मध्ये बदलून माउंट ब्लू स्काय केलं गेलं.

टेकाडावरून खाली ओढ्याचं पात्र दिसत होतं. तिथे उतरायला मनाई आहे. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, त्या रात्री तात्या दारात उभे होते ना?"

जानेवारी १९९३. आम्ही मुंबईत चाळीत राहत होतो. मुलगा आठ वर्षांचा. त्याला आठवत नसेल असंच मी समजत आलो होतो. जमाव जिन्यापर्यंत आला तेव्हा शेजारचे तात्या लेंगा-बनियनवर आमच्या दारात येऊन उभे राहिले. "आधी मला उचला," एवढंच म्हणाले. जमाव परत गेला. पुढे कित्येक महिने चाळीतली काही घरं तात्यांशी बोलत नव्हती, हे मला नंतर कळलं. आम्ही आठवड्याभरात मुंब्र्याला निघून गेलो होतो.

"आपण त्यांना भेटायला कधी गेलो का?" मुलाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. कारणं पुष्कळ होती. नोकरी, अंतर, त्या जिन्याची भीती. एक दिवस तात्या गेल्याची बातमी आली आणि कारणंही संपली.

परतताना काळोखात डोंगर दिसले नाहीत. नातू मागच्या सीटवर झोपला होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता आलं असतं. पाण्याला ठरवता येत नाही, बेटा. माणसाला येतं, आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

कारचा पुतळा झाला, सोलचं नाव राहिलं. तात्यांचं नाव त्या चाळीत आता कोणाला ठाऊक नसेल. चाळच पाडली म्हणतात. तीस वर्षं उशीर झाला खरा, पण त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. ते इथे मानतो.