किलचनाचे तुकडे

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर उकलायचं तर वरून खाली यावं लागतं. आधी खारी माती, मग गाऱ्याचा थर, त्याखाली कधीकाळी पळसाचा पाला होता त्याची भुकटी, मग किलचन म्हणजे लाकडाचे आडवे तुकडे, त्याखाली कड्या, मग सर म्हणजे मोठ्या तुळया आणि शेवटी खांब. अमळनेर-पारोळ्याकडची अशी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा. हल्ली दुरुस्तीपेक्षा उकलणंच जास्त. प्रत्येकाला स्लॅब हवा.

मध्यंतरी शिरपूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या भिंती दाखवल्या. हात-हात लांबीचे ओंडके सरपणासारखे आडवे रचलेले, मधे चुन्याचा मसाला. म्हणाला, "भाऊ, अशी खोली बांधून द्या." न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट चेझी गावच्या रॉब रॉयने हे काम बऱ्याच जणांना शिकवलंय. त्याच्या मसाल्याचं प्रमाण 9 भाग वाळू, 3 भाग भिजवलेला लाकडाचा भुसा, 3 भाग चुना आणि 2 भाग सिमेंट. भिजलेला भुसा पाणी धरून ठेवतो, मसाला सावकाश वाळतो आणि तडे कमी जातात. मसाला भिंतीच्या दोन कडांनाच. मधल्या पोकळीत कोरडा भुसा आणि चुना. तिकडे त्याने थंडी अडते, इकडे ऊन अडेल.

मला पटलं ते वेगळंच. ओंडक्याची दोन्ही तोंडं उघडी राहतात. लाकूड ओल सोडतं ते मुख्यतः कापलेल्या तोंडातून. माझे उस्ताद म्हणायचे, "पानी लाकूडले मारत नही, कोंडेल पानी मारस." म्हणून जाणता सुतार सराचं टोक मातीच्या भिंतीत गाडत नसे. भिंतीलगत आतून खांब, खांबाखाली दगडी तळखडा. भिंत नुसता आडोसा. पावसात ती बसली तरी धाबं उभं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची (तिकडच्या धाब्याची) माती माणसांवर कोसळली, पण काही घरांत आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. वरच्या मातीचं ओझं वाढू नये म्हणून तेव्हापासून मी एक नियम धरलाय: पावसाळ्याआधी नवी खारी टाकायची तर तेवढी जुनी आधी खरवडून काढायची. लोक नुसती भर घालत जातात, आणि कड्या वाकल्या की लाकडाला नावं ठेवतात.

लाकडाचा प्रश्न मात्र खरा. ओंडक्यांच्या भिंतीला हलकं, मुरलेलं लाकूड लागतं. फार सुकलेलं टणक लाकूड पावसात फुगून भिंत ढकलतं. आपला अंजन तर पाण्यात बुडतो इतका जड. तो खांबालाच शोभतो. ओली बाभूळ घातली तर ती आकसून मसाल्यापासून सुटते, आणि त्या फटीतून उधई आत. नवा साग या कामाला कापणं म्हणजे मस्ती.

पण उकललेल्या घरांचं किलचन? सागाचे, हातभर लांबीचे, चुलीच्या धुरात काळवंडलेले तुकडे. आकसायचे तेवढे ते कधीच आकसून झालेत. कड्या आणि सर फर्निचरवाले उचलतात, किलचन मात्र सरपणाच्या भावाने जातं. त्या पोराला सांगितलं, आधी एकच भिंत, पूर्वेची. खाली दोन हात काळ्या दगडाचं जोतं, वर लांब वळचण. एरंडोलच्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला निरोप धाडलाय की किलचन चुलीसाठी विकू नको. तो म्हणतो, मग सरपणाचा भाव राहणार नाही. घासाघीस चालू आहे.