ढाणकीतला पिझ्झा आणि आईची पारख

काळ बदलला तसे मुलांचे हट्टही बदलले. आम्ही लहान होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी वडिलांच्या पिशवीत शेवेचा पुडा शोधत असू. आमची मुलगी यंदा चांगल्या गुणांनी आठवी पास झाली आणि म्हणाली, "बाबा, पिझ्झा खाऊ घाला." नांदेडला मामाकडे गेली असताना एका मोठ्या कंपनीच्या दुकानात तिने तो खाल्ला होता.

ढाणकीहून नांदेडला जायचे म्हणजे पैनगंगा ओलांडून जायचे. पाच माणसांचे बसभाडेच पिझ्झ्याला भारी पडणार! म्हणून घरात ठराव झाला की आपल्याच भागातल्या लहान दुकानांतून चांगला पिझ्झा शोधायचा. महिन्यातून एकदा जायचे, एकच मागवायचा आणि सर्वांनी वाटून खायचा. आईलाही सोबत न्यायचे. ती म्हणाली, "मले काय कराचं ते?" पण लुगडे बदलून सर्वांच्या आधी तीच दारात उभी राहिली.

पहिली गाडी दिव्यांच्या माळांनी झगमगत होती. सव्वाशे रुपये मोजले. आमच्या घरी हे पैसे निंदणाच्या रोजात मोजले जातात, म्हणून घास लक्ष देऊन खाल्ला. खालची पोळी पाकिटातून काढलेली, कोरडी आणि वातड होती. वरचे चीज तुपकट लागत होते आणि त्याला तार येत नव्हती. दुधाचे चीज आणि वनस्पती तेलापासून केलेला त्याचा स्वस्त भाऊ, यांतला फरक जिभेला कळतो. पाकिटावर ते छापलेलेही असते. विचारायला लाजू नये.

दुसरे दुकान बाहेरगावचे. पिझ्झा खरोखर चांगला होता. पण मालकाने गोड बोलून आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले. शेजारच्या टेबलावर स्टीलच्या ताटल्या होत्या. आमच्यापुढे कागदाच्या आल्या. पाणी मागितले तर पोराने कागदी पेले ठेवून वरून धार धरली. आम्ही मनाची समजूत घातली की गर्दी असेल, ताटल्या संपल्या असतील. आईने मात्र हातातला तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "उठा."

घरी आल्यावर मुलीने विचारले, "आजी, इतका छान होता, मग काहून उठलो आपण?"

आईने तेव्हा सांगितले ते आम्हीही पूर्वी कधी इतके नीट ऐकले नव्हते. तिच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली, कान तुटलेली. ती आपण काढायची, आपण धुवायची, पुढे धरायची. चहा वरून ओतला जाई. पिऊन पुन्हा धुवून कोनाड्यात ठेवायची. पैसे भुईवर ठेवायचे. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. १९५५ साली अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदाही आला. पण आईच्या गावचा कोनाडा त्यानंतरही कितीतरी वर्षे रिकामा झाला नव्हता.

मुलगी गप्प झाली. आम्ही तिला कोल्हापूरची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. पण चहा चांगला असून उपयोग काय? गिऱ्हाईक फिरकेना! तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले. सर्वांसमक्ष गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. लहान दुकान चालते की बुडते, हे असे गिऱ्हाइकाच्या हातात असते, वाचकहो!

तिसरे दुकान पुन्हा ढाणकीतलेच. एक बाई आणि तिचा मुलगा, एक वीजभट्टी, चार खुर्च्या. बाई म्हणाली, "वेळ लागेल जी, उंडा मी इथंच लाटते." सकाळी यीस्ट घालून मळलेला मैदा झाकून ठेवला होता, तो फुगून आला होता. टमाटे आणि लसणाची चटणी घरची होती. भट्टी आधी चांगली तापू दिली, मग पिझ्झा आत गेला. टेबलावर एकच तांब्या होता. आमच्या आधीचे गिऱ्हाईक त्यातूनच प्यायले, आम्हीही त्यातूनच प्यायलो. पहिला तुकडा बाईने आईच्या हातात दिला.

आईने तो चावून पाहिला आणि हसली. "हा तं रोडगाच हाय, वरून चोपडलेला!"

म्हातारीचे बोलणे काही खोटे नाही. पिझ्झा मूळचा इटलीतल्या नेपल्स शहराचा, तिथल्या गोरगरिबांचे पोट भरणारा. पीठ भाजायचे आणि वर जे हाताशी असेल ते घालायचे. आपले रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजले जातात. त्यांचा पिझ्झा लाकडाच्या कडक भट्टीत दीड मिनिटाच्या आत होतो. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या या हातकसबाला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. परदेशी कंपन्यांनी १९९६ साली आपल्या देशात दुकाने उघडली म्हणून आपण त्याला श्रीमंतांचे खाणे समजून बसलो, इतकेच.

तेव्हा चांगले दुकान शोधताना दिव्यांच्या माळा पाहू नका. उंडा तिथेच मळतात का, भट्टी आधी तापवतात का, चीज दुधाचे आहे का, हे पाहा. आणि आमच्या आईची पारख सर्वांत आधी लावा: पाणी कसे देतात ते पाहा. जिथे तांब्या सर्वांना एक, तिथे पुन्हा जा, शेजाऱ्यांनाही घेऊन जा. चार खुर्च्यांचे दुकान जाहिरातीवर चालत नाही, परत येणाऱ्या माणसांवर चालते. आणि जिथे धार वरून येते, तिथे आमच्यासारखी मनाची समजूत घालू नका. आपण गप्प बसलो की मुलेही गप्प बसायला शिकतात.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या बाईकडे गेलो. गर्दी होती. आमच्या मुलीने न सांगता तांब्या उचलला, भरून आणला आणि प्रत्येक टेबलावर पाणी वाढले. आई पाहत होती. सगळ्यांनी पाणी घेतले.