धार घरीच लावावी

न्यूझीलंडमधल्या मराठी स्वयंपाकघरांत सुऱ्यांची वाण नसते. वाण असते ती धारेची. याचे कारण मला आळसात दिसत नाही. आपल्याकडे धार लावणे हे कधी घरातले काम नव्हतेच. सायकलवर सराण बसवलेला धारवाला गल्लीत आरोळी ठोकायचा, सुऱ्या, कात्र्या, विळ्या बाहेर जायच्या आणि लखलखीत होऊन परत यायच्या. इथे तो दारात येत नाही. धार लावून देणारी दुकाने शहरांत आहेत, पण सुऱ्या गुंडाळून गाडीतून न्यायच्या, ठेवायच्या, पुन्हा आणायला जायचे, म्हणून ते काम पुढे ढकलले जाते. दरम्यान कुमारा, म्हणजे इथले रताळे, आणि राखाडी, टणक सालीचा क्राउन भोपळा रोज चिरावाच लागतो. माझे म्हणणे असे, की परदेशातल्या घराने हे काम आपल्या हातात घ्यावे, आणि त्यासाठी यंत्र नव्हे, दगड विकत घ्यावा.

बोथट सुरीने निदान हात तरी कापत नाही, असे पुष्कळजण मानतात, विशेषतः घरात लहान मुले असली की. याचे उत्तर याच देशात आहे. १८८२ साली ‘डनिडिन’ जहाज पोर्ट चामर्सहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले आणि पुढे मांसाची निर्यात हा न्यूझीलंडचा मोठा व्यवसाय झाला. इथल्या फ्रीझिंग वर्क्समध्ये, म्हणजे मांसाच्या कारखान्यांत, कामगार कमरेला सुरीचे म्यान आणि पोलादी सळई लावून उभा असतो आणि काम चालू असतानाच पुन्हा पुन्हा पाते सळईवर फिरवतो. मॅक्गोरी, डाउड आणि डेम्प्सी या संशोधकांनी मांस कापणाऱ्यांच्या हातावर येणारा जोर प्रत्यक्ष मोजला. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये ‘अप्लाइड अर्गॉनॉमिक्स’ या नियतकालिकात आला. धार चांगली असेल तर मूठ कमी आवळावी लागते आणि कापायला जोरही कमी लागतो, हे त्यात दिसते. भोपळ्याच्या सालीवरून सुरी निसटते ती अशा जास्तीच्या जोरामुळेच. मुलांपासून सुरी दूर ठेवायची तर ती उंचावर ठेवावी. बोथट ठेवून ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

आता साधनांकडे. दुकानात सर्वात आधी हाताला लागते ती खाचेतून सुरी ओढायची छोटी डबी. तिच्यातली कार्बाइडची पाती पोलादाचे तुकडे खरवडून काढतात. पहिल्या दिवशी धार आल्यासारखी वाटते, पण कड ओबडधोबड राहते, लवकर मुडपते, आणि दरवेळी सुरी थोडी झिजते. विजेच्या चाकाचा धोका वेगळा. घाईत पाते तापले तर पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. दगडाला या दोन्ही खोडी नाहीत. हजार ग्रिटचा एक कृत्रिम दगड, ज्यात कुरुंदासारखे कठीण कण बांधलेले असतात, घरच्या बहुतेक सुऱ्यांना पुरतो. तीन किंवा सहा हजारांची दुसरी बाजू असली तर टोमॅटोची साल अलगद उतरते, पण ती हौस आहे, गरज नाही. दगड, पाणी आणि सबुरी एवढ्यावर काय साधते हे या भूमीला फार पूर्वीपासून माहीत होते. माओरी कारागीर पौनामूसारख्या चिवट हिरव्या दगडाच्या टोकी, म्हणजे वाकसासारखी हत्यारे, वालुकाश्मावर पाणी घालून घासत. वाळूचे कण त्या दगडापेक्षा कठीण असल्यामुळेच ते शक्य होते. त्या घासणीच्या दगडाला, होआंगाला, त्यांच्या परंपरेत हिने-तू-आ-होआंगा या स्त्रीचे रूप आहे. साधनाचा इतका मान राखणाऱ्या संस्कृतीबद्दल मला फार आदर वाटतो.

खरी अडचण कोनाची, आणि ती मी हलकी मानत नाही. पण कोन मोजता येतो. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर दगडावर ठेवून पाठीची कड सुमारे १२ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात, १५ मिलिमीटर उचलली की जवळपास २०. जपानी कडक पात्याला पहिला कोन मानवतो, जर्मन धाटणीच्या मऊ पात्याला दुसरा. मग एका बाजूने घासत राहायचे, इतके की दुसऱ्या बाजूच्या कडेला धातूची बारीक उलटलेली कड बोटाला जाणवावी. बोट मात्र पाठीकडून धारेकडे सरकवायचे, धारेच्या रेषेत कधीच नाही. ती कड लागेपर्यंत सुरी उलटवू नये. शिकणाऱ्यांचा उत्साह बहुतेकदा इथेच संपतो, कारण ते फेऱ्या मोजतात आणि कड तपासत नाहीत. महागडी सुरी बिघडेल ही भीती असेल तर आधी स्वस्त सुरीवर हात बसवावा. हजार ग्रिटचा दगड इतका थोडा धातू काढतो की चुकलेला कोन पुढच्या बैठकीत सुधारता येतो.

रोजच्या वापरात मऊ पोलादाची धार बऱ्याचदा झिजण्याआधी मुडपते. ती सळईवर चार हलके हात फिरवून सरळ होते, म्हणून सळई ओट्याजवळच टांगलेली बरी. फार कडक जपानी पात्याला पोलादी सळई नको. त्याचे टवके उडतात. काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या फळीवर कापणाऱ्याने मात्र दगड घेऊच नये, आधी लाकडी फळी घ्यावी.

राहिली विळी, जी कित्येकजणी बॅगेत कपड्यांत गुंडाळून इथवर आणतात. तिचे पाते वाकडे आणि पाटाला जखडलेले, त्यामुळे वरची सगळी रीत तिच्या बाबतीत उलटते: पाते स्थिर, दगड हातात. हार्डवेअरच्या दुकानात कुऱ्हाडीसाठी मिळणारा गोल, दुहेरी दगड इथे उत्तम. तो भिजवून, बोटे धारेच्या मागे ठेवून, पात्याच्या वळणाबरोबर लहान गोलाकार फिरवावा. आधी भरड बाजू, मग बारीक. विळी लोखंडी असेल तर धुऊन लगेच पुसावी आणि तेलाचे बोट फिरवावे. ऑकलंडच्या दमट हवेत गंज चढायला फार वेळ लागत नाही.