भाऊबीज म्हणजे दिवाळी नव्हे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमचे आजोबा सांगत. त्यांनी ती चढली नाही, वडिलांनी चढली नाही, आणि मीही आजवर ती कटाक्षाने टाळली. पण दोन वर्षांपूर्वी, पुण्यात, माझ्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, मी साता समुद्रांपलीकडच्या एका कोर्टात एका निरपराध माणसाचा खटला जवळजवळ बुडवला. आणि तोही शुद्धलेखनाची एकही चूक न करता!

त्याचे असे झाले. माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीत, वकिली करते. तिची आई नातेवाइकांत 'आमची लेक अमेरिकेत वकील आहे' एवढेच सांगते, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले कोर्ट उभे राहते. बारा पंच, खचाखच भरलेले दालन, टेबलावर आपटलेली मूठ. भाचीच्या कोर्टात यातले काही नाही. परदेशातून आलेल्या माणसाला देशात राहू द्यायचे की परत पाठवायचे, एवढाच प्रश्न तिथे असतो. खोली लहानशी. पंच नाहीत. न्यायाधीश हा न्यायखात्याचा, म्हणजे सरकारचाच, नोकर. समोर सरकारचा वकील. आणि ज्याचे नशीब टांगणीला लागलेले असते त्याला वकील हवा असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने आणावा किंवा कुणा धर्मादाय संस्थेचे पाय धरावेत. तो म्हातारा असो की शाळकरी पोर, सरकार दुभाषी देते, वकील देत नाही. २०२४च्या अखेरीस अशा कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणे पडून होती. 'तारीख पे तारीख' ही आपली एकट्यांची मिरास नाही, हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले, हे कबूल करतो.

एका पहाटे तिचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे एक काम आहे. एका मराठी पत्राचं इंग्रजी करून द्यायचं. पत्र दोन पानांचं आहे, पण कोर्टात जायचंय."

पत्र तिच्या एका अशिलाच्या बहिणीचे होते. त्या तरुणाचे नाव, गाव, जिल्हा यांतले काही मी इथे सांगणार नाही. सांगण्याची परवानगीही नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून त्याच्यावर हल्ला झाला होता. पुढे तो अमेरिकेत पोचला आणि त्याने आश्रय मागितला. असा अर्ज तिथे पाऊल टाकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्याने तो केला होता. हल्ल्याच्या रात्री बहीण घरात होती, म्हणून तिची साक्ष मोलाची.

मी पत्र वाचले आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. बाई सातवीपर्यंत शिकलेली. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम दुसऱ्या पानाच्या शेवटी एकदाच. मी बाह्या सरसावल्या. 'त्याला लई हाणला' याचे मी भारदस्त इंग्रजी केले. 'निर्घृण' या अर्थाचे एक क्रियाविशेषणही जोडून दिले. परदेशी न्यायाधीशाला भाऊबीज कुठली कळणार, म्हणून 'भाऊबीजेच्या रात्री' याचे 'दिवाळीच्या रात्री' केले. 'भाऊ मधी पडला' याचे सरळ 'तिचा भाऊ मध्ये पडला'. खाली नियमाप्रमाणे दाखला लिहिला, की मला दोन्ही भाषा उत्तम येतात आणि हे भाषांतर खरे व अचूक आहे. झोकदार सही केली. एम.ए.चा उल्लेखही केला. तो कुणी मागितला नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. भाचीचा आवाज शांत होता. डॉक्टर वाईट बातमी सांगण्यापूर्वी बोलतात तसा.

"मामा, मूळ पत्र समोर घ्या. रात्र कुठली म्हटलीय?"

"भाऊबीजेची."

"मग दिवाळी का लिहिलंत?"

"अगं, भाऊबीज म्हणजे दिवाळीच ना!"

"तुम्हाआम्हाला. खरं साल सांगत नाही, पण समजा २०१७. सरकारी वकील फोनवर 'दिवाळी २०१७' एवढंच बघणार. तिथं येतं १९ ऑक्टोबर. माझ्या अशिलानं अर्जात लिहिलंय २१ ऑक्टोबर. भाऊबीज २१लाच होती. दोघं बहीणभाऊ खरं बोलताहेत, आणि तुम्ही त्यांच्यात दोन दिवसांचं अंतर पाडून ठेवलंत."

मी गप्प. ती थांबायला तयार नव्हती. मध्ये पडलेला तो भाऊ कोण? अर्जात सगळी भावंडे लिहावी लागतात, आणि तिथे एका बहिणीखेरीज कुणी नाही. तो चुलतभाऊ होता. आपल्या घरांत चुलतभावाला कुणी 'चुलत' म्हणत नाही, पण कोर्टाच्या कागदावर एक सख्खा भाऊ अचानक उगवला असता, आणि अर्जदाराने तो का लपवला, असा प्रश्न आला असता. "आणि हे 'निर्घृण' कुठून आलं?" तिने विचारले. मी म्हटले, "ते अर्थात आहे." ती म्हणाली, "पत्रात आहे का? सातवी शिकलेली बाई तुमच्या इंग्रजीत बोलायला लागली, की वाचणाऱ्याला वाटतं हे तिला कुणीतरी लिहून दिलंय. मामा, तिचं वाक्य वेडंवाकडं आहे म्हणूनच ते विश्वास ठेवण्याजोगं आहे."

बावीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई ओतली. अशी तांबडी रेघ माझ्या कागदावर प्रथमच ओढली गेली होती.

डिसेंबरात ती सुट्टीवर घरी आली, तेव्हा मी जरा टोचून विचारले, की दोन दिवसांच्या फरकाने एवढे काय बिघडते? मार खाल्लेला माणूस पंचांग घेऊन मार खातो की काय? ती हसली आणि म्हणाली, "मामा, तुमची सव्वीस जुलैची गोष्ट सांगा ना."

ही माझी हुकमी गोष्ट. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली, त्या दिवशी मी दादरहून मुलुंडला छातीभर पाण्यातून चालत घरी आलो. स्टाफरूममध्ये, लग्नांत, एकदा तर श्राद्धाच्या पंगतीतही मी ती सांगितलेली आहे. मी रंगात येऊन सांगितली. ती संपल्यावर भाचीने ताट बाजूला सारले.

"किती वाजता निघालात?"

"चारला."

"मघाशी तुम्ही म्हणालात, शेवटचा तास संपवून. शेवटचा तास किती वाजता संपायचा?"

"अडीचला. पण मग जरा थांबलो असेन."

"थांबलात की थांबला असाल?"

पाणी छातीभर होते की कंबरभर? सोबत कोण होते? घरी किती वाजता पोचलात? मी म्हटले, पहाटे. तोच स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "पहाटे कुठली! दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. मी सकाळी शेजारच्या वहिनींना घेऊन स्टेशनपर्यंत जाऊन आले होते." आणि वाहून गेलेला तो बूट? "बूट नव्हेच, चप्पल. पावसाळ्यात बूट कधी घातलेत तुम्ही?"

मला राग आला. अगदी खरा राग. मी आवाज चढवून म्हणालो, की पाणी गळ्यापर्यंत होते आणि शेजारून म्हैस वाहत चालली होती. म्हैस त्यापूर्वी कधीही गोष्टीत आली नव्हती.

"हेच," भाची म्हणाली. "खरं सांगणारा माणूस असाच चिडतो. चिडला की भर घालतो. आणि त्या भर घातलेल्या म्हशीवरूनच तो खोटा ठरतो."

योगायोग असा, की त्याच २००५च्या मे महिन्यात अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला मुभा दिली, की साक्षीतली विसंगती मूळ मुद्द्याला धरून नसली तरी तीवरून माणसाची विश्वासार्हता ठरवता येईल. मुंबईच्या पुरात चालल्याबद्दल मला कुणी हद्दपार करणार नव्हते, म्हणून माझ्या म्हशीला घरात हसू झाले. तिच्या अशिलाच्या चपलेला कुणी हसणार नव्हते.

मग तिने आपले काम कसे चालते ते सांगितले. माझी समजूत होती की वकिली म्हणजे बोलणे. तिच्या सांगण्यावरून ती बहुतेक ऐकणेच दिसली. पहिल्या भेटीत ती फारसे लिहीत नाही. माणूस गोष्ट मधूनच सुरू करतो, सर्वांत भीतीदायक क्षण गाळतो, आणि तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी उठता उठता सांगतो. मग ती एका लांब कागदावर रेघ ओढते आणि अशिलाकडूनच तीवर खुणा करून घेते: लग्न कधी, पेरण्या झाल्या होत्या का, धाकटी रांगत होती की चालत होती. तारीख शेवटी येते. सुनावणीपूर्वी ती स्वतः सरकारी वकील होऊन त्याची उलटतपासणी घेते. उत्तरे मात्र शिकवत नाही. तो अधर्म तर आहेच, शिवाय पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. शिकवायचे ते एवढेच, की प्रश्न पुरता ऐक. विचारले तेवढ्याचेच उत्तर दे. नुसती मान डोलावू नकोस, कारण कामकाज टेप होते आणि टेपवर मान उमटत नाही. आणि आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. हे शेवटचे आपल्या लोकांना सर्वांत जड जाते म्हणे. मोठ्या माणसाने विचारले आणि आपण 'ठाऊक नाही' म्हणायचे, हे आपल्या वळणात बसत नाही. मग लोक आदराने खोटे बोलतात.

बोलता बोलता तिने एक खटला सांगितला, आणि माझी छाती जरा फुगली. काही शर्ती पाळून सलग दहा वर्षे तिथे राहिलेला माणूस हद्दपारी रद्द करण्याची विनंती करू शकतो. मात्र कोर्टात हजर होण्याची नोटीस हाती पडली, की त्या वर्षांचे घड्याळ थांबते. नीझ-चावेझ नावाच्या, ग्वाटेमालाहून आलेल्या माणसाला सरकारने २०१३ साली ही नोटीस दोन हप्त्यांत धाडली. आरोप आधी, आणि सुनावणीची तारीख-वेळ दोन महिन्यांनी दुसऱ्या कागदावर. घड्याळ थांबले की नाही? २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की नाही. कायद्यात नोटीस या शब्दामागे 'अ' हे इंग्रजी उपपद आहे. 'अ नोटीस' म्हणजे एक नोटीस, एक कागद. दोन कागद जोडून ती होत नाही. इवल्याशा उपपदावर एका माणसाचा संसार तगला! मी वर्गात 'च' आणि 'ही' या दोन अव्ययांवर तासभर बोलतो, तेव्हा पोरे खिडकीबाहेर बघतात. आता त्यांना हे सांगतो. तरी बघतातच.

मी ते पत्र पुन्हा भाषांतरित केले. दोन पानांना पहिल्या खेपेस एक संध्याकाळ लागली होती, या खेपेस नऊ दिवस लागले. 'भाऊबीज' तशीच ठेवून तिथी आणि इंग्रजी तारीख वेगळ्या टिपेत दिली. 'लई हाणला' यासाठी तितकाच साधा शब्द शोधला. पूर्णविराम तिने दिला होता तिथेच दिला. 'भाऊ मधी पडला' इथे चुलता की सख्खा हे पत्रावरून ठरत नव्हते, आणि भाषांतरात मी ते ठरवायचे नव्हते. म्हणून भाचीच्या परवानगीने त्या बाईंना फोन केला. त्यांनी एका वाक्यात उलगडा केला आणि तसे स्वतःच्या हाताने वेगळ्या कागदावर लिहून द्यायचे कबूल केले. मग दाखल्याखाली सही करायला बसलो. 'खरे व अचूक' हे दोन शब्द मी कितीदा वाचले असतील कोण जाणे. एम.ए. लिहिले नाही.

सुनावणी एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. हे लिहीत असताना ती व्हायची आहे.

त्या फोनवर निरोप घेताना बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही कॉलेजात शिकिवता म्हनं. माजं लिवणं लई चुकतंय. नीट करून घेतलं ना?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "होतं तसंच ठेवलंय."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्यांना ते आवडले नसावे.