अठ्ठाविसावा दिवस

आमच्या बडोद्याच्या घरी ग्रहण अजूनही पाळले जाते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात सूनबाईने विळीवर भाजी चिरली, तेव्हा तिला सहावा महिना होता. मार्चमध्ये नात जन्मली ती कमरेशी उघडा कणा घेऊन. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले. पण ती विळी आम्हा उभयतांच्या मनातून जाईना. बोललो थोडे, अबोल्याने सुनावले फार.

पुढे डॉक्टरांनी समजावले, आम्हीही वाचीत गेलो. आरंभी गर्भ हा चपटा पदर असतो. त्यातील पेशींची एक पट्टी वळून नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. बटव्याची नाडी ओढावी तशी ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिने पेशीचे वरचे टोक आवळतात. तोंड अरुंद, बूड रुंद अशा पाचरी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या की पदराला वळावेच लागते. पेशींचे विभाजनही दिशाहीन नसते. पेशी बहुधा आपल्या लांबीला आडवी दुभागते, हे ऑस्कर हर्टविग यांनी १८८४ मध्ये मांडले. त्यामुळे ऊतक जिकडे ताणले जाते तिकडेच नव्या पेशींची रांग लागते आणि ताण सैल होतो. ओढ आणि वाढ यांच्या या देवघेवीतून आकार घडतो.

ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटते. खालच्या बाजूस मिटायची राहिली, तर कणा उघडा राहतो. आम्ही बोटे मोजली. ते दिवस ऑगस्टच्या आसपासचे. तेव्हा सूनबाईला स्वतःलाही पुरती चाहूल नव्हती. ग्रहण त्यानंतर चार महिन्यांनी लागले. विळी निर्दोष होती आणि सूनबाईही.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती काहीच बोलली नाही. नातीच्या कॅलिपरचे पट्टे बांधीत राहिली. तो अबोला आम्हीच तिला शिकविला होता.

असे मूल झालेल्या मातांना पुढच्या खेपेस फॉलिक ॲसिड दिल्यास हा दोष सुमारे ७२ टक्क्यांनी टळतो, असे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावे लागते. आता घरात लग्न ठरले की पत्रिकेआधी आम्ही ही गोष्ट सांगतो. ग्रहणाचे ज्याचे त्याने पाहावे.