वेचणीच्या वेळी कानावर पडलेलं

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, सासर धुळ्यात. माहेरी केळी आणि बागायती कापूस. लहानपणापासून एक पाहत आले, की निंदणी-वेचणी बायांची आणि शेतीची माहिती बाप्यांची! मेळाव्याला जायचं त्यांनी, औषधाच्या दुकानात विचारायचं त्यांनी.

रेडिओनं ही वाटणी थोडी सैल केली. 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या साहाय्यानं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकरी श्रोतामंडळं काढली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकायचं, मग मिळून चर्चा करायची. अशा गावांत माहिती अधिक रुजली, असं पाहणीत दिसलं. पण कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची. आणि तेव्हा बाई कुठं असते, ते तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. चुलीपाशी!

आता मोबाइलवर पॉडकास्ट आले. म्हणजे हवा तेव्हा लावावा असा रेडिओच म्हणा ना. माझी वहिनी कापूस वेचता वेचता ऐकते. हात मोकळे, कान मोकळे. गुलाबी बोंडअळीनं 2017 साली राज्यभर कापसाचं केवढं नुकसान केलं, ते आपण विसरलो नाही. अळी आत शिरली की फूल नीट उमलत नाही, कळीसारखं मिटूनच राहतं. तीच डोमकळी. वहिनीनं हे ऐकलं नि ओळीओळीनं डोमकळ्या तोडून नष्ट केल्या.

खरा प्रश्न डिसेंबरअखेर आला. पाणी देऊन फरदड घ्यावी, चार क्विंटल जास्त येतील, असा भावाचा विचार. वहिनी म्हणाली, "अहो, उभ्या पऱ्हाटीत अळीला खायला मिळत राहतं. पुढच्या सालचं पीक कशाला धोक्यात घालायचं?" भाऊ आधी हसला. मग रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी तो भाग पुन्हा ऐकला. सकाळी पऱ्हाट्या उपटायला माणसं लागली. जानेवारीत तिथं भुईमूग पेरला.

हातचे पैसे सोडणं सोपं नसतं, मैत्रिणींनो! पण घरातली बाई कारण सांगू शकली, म्हणून हा निर्णय दोघांचा झाला.

तुमच्याही माहेरी-सासरी शेती असेल, तर एवढं जरूर करा. शहरात इंटरनेट बरं असतं; चांगले भाग उतरवून ठेवा नि सुट्टीत गावी जाल तेव्हा जावेच्या, वहिनीच्या फोनवर घाला. बोलणारा कोण, भाग कधीचा, कुठल्या जमिनीबद्दल आहे, हे आधी पाहा. औषधाचं प्रमाण मात्र नुसतं ऐकून ठरवू नका. डब्यावरची चिठ्ठी वाचा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक फुकट आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आणि हो, फोन वहिनीच्याच हातात द्या बरं का!